रानश्रीतला दुसरा हात

मी अक्षरांची कुळं शोधते. हे ऐकल्यावर लोक आधी हसतात, मग ‘म्हणजे नेमकं काय?’ म्हणून विचारतात, आणि मी सांगायला लागले की घड्याळाकडे बघतात. त्यामुळे थोडक्यात सांगते.

आता, म्हणजे २०४१ साली, नवा फॉन्ट कोणी रेघ रेघ ओढत काढत बसत नाही. संकरित ज्वारी करावी तसा तो पिकवतात. एखादा छापील फॉन्ट घ्यायचा, दुसरीकडून जुन्या पोथीचं, पाटीचं, नाहीतर कुणाच्या पत्रांतलं वळण घ्यायचं, दोन्ही यंत्रात घालायची, आणि चहा होईपर्यंत नवं पीक तयार. सुरुवातीला मजा वाटली. मग कुणाच्या वारलेल्या वडिलांचं अक्षर साबणाच्या वडीवर दिसायला लागलं, कुणाच्या मास्तरांचं बिस्किटाच्या पुड्यावर, आणि तक्रारी झाल्या. शेवटी कायदा आला. संकरात माणसाचा हात वापरला असेल, तर त्याची संमती हवी आणि सरकारी नोंदीत ‘मूळ हात’ म्हणून त्याचं नाव हवं. ते नाव खरं आहे का, हे तपासायला पुण्यात आमचं केंद्र निघालं.

तपासणाऱ्या यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. मी त्याला हेळवी म्हणते, आणि आता केंद्रात सगळेच म्हणतात. आमच्या कोल्हापूरकडे हेळवी बैलावर बसून दारात येतो, चोपडी उघडतो आणि तुमच्या घराण्याच्या सात पिढ्या घडाघडा वाचून दाखवतो. कोण कुठून आला, कोण कुणाला दत्तक गेला, सगळं. घरच्यांनी झाकून ठेवलेलंसुद्धा त्याच्या चोपडीत असतं, म्हणून तो आला की म्हातारी माणसं जरा सावरून बसतात.

त्या सोमवारी माझ्यापुढे जी फाइल आली ती ‘रानश्री’ची होती. रानश्री म्हणजे विजेवर चालणारे ट्रॅक्टर. सहा महिन्यांत निम्म्या महाराष्ट्रात पोचले होते, आणि त्यांच्या बॉनेटवरची ती पाच-सहा इंची अक्षरं लोकांना ट्रॅक्टरपेक्षा जास्त आवडली होती. ‘रान’ गुटगुटीत आणि धावतं, ‘श्री’ मात्र बारीक लहरी मारत उभी. अर्जात मूळ हाताच्या रकान्यात लिहिलं होतं: विलास रामचंद्र लोहार, पेंटर, जयसिंगपूर.

ते माझे वडील.

नियम असा, की नातेवाइकाची फाइल आली तर ती न उघडता आमच्या केंद्रप्रमुख मुजावर मॅडमच्या टेबलावर ठेवायची. हा नियम नव्या मुलांना मीच शिकवते. मी ठेवली नाही. आप्पांची अक्षरं हेळव्याच्या तोंडून ऐकायची होती मला. पन्नास वर्षं त्या माणसानं जयसिंगपूरच्या अडत दुकानांच्या पाट्या रंगवल्या, उसाच्या ट्रॉल्यांच्या फळ्या रंगवल्या, फ्लेक्सनं धंदा खाल्ला तरी ब्रश खाली ठेवला नाही. म्हातारपणी त्यांना हे दिवस आले होते. गावानं शाल आणि नारळ दिला होता, दोन चॅनेलवाले येऊन गेले होते. म्हटलं, एकदा वाचून घेऊ, मग देऊ मॅडमना.

हेळव्यानं चार मिनिटांत वाचलं. पूर्वज तीन. एक सरकारी फॉर्मवर असतो तो सरळसोट फॉन्ट. दुसरा माणसाचा हात, उजवा, ‘श्री’मध्ये. आणि तिसरा माणसाचा हात, डावा, ‘रान’मध्ये.

मी पुन्हा चालवून बघितलं. तेच.

हेळवी हे कसं ओळखतो तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अक्षर म्हणजे हात ज्या वाटेनं गेला ती वाट. माणसाचा हात सरळ रेघेवर वेगात जातो आणि वळणावर मंदावतो. किती मंदावतो, याचं प्रमाण प्रत्येकाचं ठरलेलं असतं आणि ते सहसा बदलत नाही, चालण्याची ढब बदलत नाही तसं. त्यामुळे नुसता आकार बघून हात कुठे किती वेगात होता याचा हिशेब उलटा मांडता येतो. ‘श्री’मधल्या त्या बारीक लहरी सरळ भागात लांब लांब होत्या, वळणावर दाटीवाटीनं. नक्षी म्हणून काढल्या असत्या तर सगळीकडे सारख्या आल्या असत्या. वेगाशी ताडून बघितल्यावर एकच उत्तर निघत होतं: सेकंदाला सहा. हात सेकंदाला सहा वेळा थरथरत होता, चालता असो की थांबता. ते बरोबरच होतं. आप्पांच्या उजव्या हाताला सत्तेचाळिसाव्या वर्षापासून कंप आहे.

पण ‘रान’ला कंपाचा मागमूस नव्हता. आणि त्याची शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढलेली होती. ब्रश टेकतो तिथे रंग जाड आणि गोल बसतो, उचलतो तिथे निमुळता होतो. उजव्या हाताचा माणूस रेघ डावीकडून उजवीकडे ओढतो. इथे जाड टोक उजवीकडे होतं. संकर केला तरी ही टोकं पुसली जात नाहीत, नातवाला आजीचा कान मिळतो तशी ती खाली उतरतात.

मी फॉन्ट पिकवणाऱ्या बाईंना, इरा दामल्यांना फोन लावला. तोही नियमाबाहेरच. मला वाटलं होतं, त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या पाट्या आप्पांच्या नावावर खपवल्या.

“छे हो,” त्या म्हणाल्या. “एकूण एकोणसाठ बोर्ड, मी स्वतः फोटो काढलेत. सगळ्यांच्या कोपऱ्यात ‘विलास आर्ट’ सही आहे. वरची ती लहानशी थरथरती श्री आणि खाली मोठी ठाम अक्षरं, त्यासाठीच तर केला मी हा फॉन्ट. एकाच माणसाचे दोन स्वभाव वाटतात की नाही?”

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुजावर मॅडमकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी मला यथेच्छ झापलं. त्या मिरजेच्या, झापताना गावाकडची भाषा वापरतात, त्यामुळे जास्त लागतं. मग फाइल आपल्याकडे ओढून घेतली.

“गुरुवारी हातपरीक्षा ठेवते. काका येऊन इथं फळ्यावर लिहितील. हात जुळला नाही तर दावा खोटा, आणि खोट्या दाव्याची अक्षरं अनाम म्हणून नोंदतात, तुला म्हाईत हाय. मग ती बेवारस. कुणीही उचलावीत, कुठंही लावावीत, कुणाचंच नाव लागणार न्हाई. ना काकांचं, ना त्या दुसऱ्याचं.” मग फाइल मिटत म्हणाल्या, “दुसरा कोण हाय, ठाऊक हाय तुला?”

मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. मी रजा टाकली आणि जयसिंगपूरला गेले.

आप्पा बाहेरच्या सोप्यात बसले होते. पेला नेहमीसारखा अर्धाच भरलेला आणि दोन्ही हातांनी धरलेला. वय शहात्तर. भिंतीवर मुलाखतीचं कात्रण फ्रेम करून लावलं होतं. आई आत भाकऱ्या थापत होती. मी आडवळण न घेता विचारलं, कारण आडवळणानं विचारलं की आप्पा दुसऱ्याच गावाला जातात.

“आप्पा, तुमच्या बोर्डांवरची मोठी अक्षरं कुणी काढलीत?”

“कुणी म्हंजे? मी.”

“ती डाव्या हाताची आहेत.”

आतलं थापणं थांबलं.

“तुझं मशीन खोटं हाय,” आप्पा म्हणाले. “पन्नास वर्सं ह्यो धंदा केलाय मी. मला शिकवाय लागलीस व्हय?”

“गुरुवारी तुम्हाला त्याच मशीनपुढे बसायचंय.”

“बसतो की! भितोय काय?” ते ओरडले. पेल्यातला चहा धोतरावर सांडला, आणि मग ते जास्तच ओरडले. मी आत गेले.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडे बघितलंच नाही. उतरंडीवरचं झाकण माझ्या कोपराचा धक्का लागून घरंगळलं, आणि ते जमिनीवर पडायच्या आत तिनं झेललं. डाव्या हातानं. मग दोघीही त्या हाताकडे बघत राहिलो.

“परसात चल,” ती म्हणाली. “हितं ऐकू जातंय.”

माझ्या आईचं नाव शालन. बाहत्तर वर्षांची. मी तिच्या हातात कधी पेन बघितलं नव्हतं, रेशनच्या दुकानातही ती अंगठ्यावरच भागवायची. आमच्याकडे बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. पुण्यात माझी ती सवय मोडली, आईची मोडायचं कारणच नव्हतं. धुण्याच्या दगडावर बसून तिनं सगळं सांगितलं, वर्षानुवर्षं पाठ असल्यासारखं.

“तू पुण्याला शिकाय गेल्यालीस. कारखान्याचा हंगाम सुरू हुणार, आन् पंचवीस ट्रॉल्या रंगवाय आल्या एकदम. ह्यांचा हात थरथराय लागल्याला. आधी मी नुसता रंग भरायचो, आउटलाइन ह्यांची. मग आउटलाइन पण जमंना. चार येळा पुसली, चार येळा काढली. पाचव्यांदा ब्रश फेकून दिला आन् रडाय लागले. मी कधी बघितलं नव्हतं गं त्यास्नी रडताना. म्हटलं, खडूनं आखून द्या, मी ब्रश मारतो.”

“डाव्या हातानं?”

“आधी उजव्यानं मारलं. न्हाई जमलं. उजवा हात माझा शिकीवल्याला हाय. भाकरी, वाढणं, हळदीकुंकू, तेवढंच येतंय त्याला. मग इकडं तिकडं बघितलं, कोण न्हाई, म्हटलं डाव्यानं बघू.” ती थोडी हसली. “बाई गं, अशी गेली रेघ! जणू वाटच बघत हुती.”

पुढे खडूचं आखणंही तिच्याकडेच आलं. आप्पा डबा धरून बसायचे, तोंड रस्त्याकडे करून. कुणी आलं तर कळावं म्हणून, असं ते सांगायचे. “पर खरं म्हंजे त्यास्नी बघवायचं न्हाई,” आई म्हणाली. “धंदा बंद हुईतोवर सोळा वर्सं, एकदा पण न्हाई बघितलं. झाल्यावर यायचे, बघायचे, आन् म्हणायचे, बरं झालंय.”

“आणि वरची श्री?”

“देवाचं नाव डाव्या हातानं कसं काढायचं?” तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “लोकाच्या दुकानावर जायचं ते. त्याचं काय वाईट झालं तर? वरची जागा मी मोकळी सोडायचो. श्री तेच काढायचे. एका श्रीला कधी कधी तासभर लागायचा. मी शिडी धरायचो.”

हेच ते एका माणसाचे दोन स्वभाव. इरा दामल्यांना मनातल्या मनात हात जोडले.

“लहानपणी मी डाव्या हातानं पेन्सिल धरली की तू मला चमच्यानं मारायचीस,” मी म्हणाले. बोलायचं नव्हतं, पण चाळीस वर्षांनी तोंडातून गेलंच.

“उलथन्यानं,” आईनं दुरुस्त केलं. “माझ्या आईनं मला मारलं, मी तुला मारलं. तुझा सुटला. माझा काय सुटला न्हाई.” तिनं माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी दाबत बसली, जणू अजून दुखत असेल. मला रडू आलं. राग इतकी वर्षं जपला होता, आणि तो असा परसात धुण्याच्या दगडावर संपला.

“आई, नाव हवंय का तुला नोंदीत?”

“मला काय करायचंय नाव,” ती म्हणाली. मी उठले नाही. आमच्याकडे पहिलं उत्तर धरायचं नसतं, जेवणाच्या आग्रहालासुद्धा. माझा हात सोडून ती म्हणाली, “हवंय की. का नको? रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की हातातलं टाकून मी दारात येतो. त्यो ‘न’ माझा हाय, म्हणतो. मनातच. पर मी आपल्या पायानं जाऊन मशीनपुढं बसणार न्हाई. ह्यांनी बस म्हटलं पायजे. मी जाऊन बसलो तर चोरी धरल्यासारखं हुतंय. चोरी न्हवती ती तृप्ते. संसार हुता.”

संध्याकाळी मी पुन्हा आप्पांच्या मागे लागले. सगळं समजावलं. हात जुळला नाही तर अक्षरं बेवारस होतील, दोघांचंही नाव जाईल, दोन हात सांगितले तरच दोघांचं राहील. ते भिंतीकडे बघत ऐकत होते.

“आप्पा, चॅनेलवाल्यांना तरी सांगायचं होतंत.”

“काय सांगू? बायको काढती म्हणून? कोण देत हुतं काम? ट्रॉलीवाल्यास्नी विलास पेंटर पायजे हुता.” मग आवाज उतरला. “आन् एवढी वर्सं गप बसलो की मग तोंड उघडत न्हाई, तृप्ते. गंज धरतोय.”

एवढं बोलून ते झोपायला गेले. तिला ‘बस’ म्हणा, असं मी त्यांना सांगू शकले असते. पण मी सांगून त्यांनी म्हटलं असतं तर आईला ते चाललं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. माझी आई अशी आहे.

गुरुवारी दोघांना घेऊन पुण्याला आले. आई का येतेय हे कुणी विचारलं नाही. तिनं लुगड्याची घडी मोडली होती, ठेवणीतलं. आप्पांनी मुलाखतीचं कात्रण फ्रेममधून काढून खिशात घातलं होतं. वाटेत त्यांनी दोनदा ते काढून बघितलं आणि पुन्हा ठेवलं.

परीक्षेच्या खोलीत उभा फळा असतो, त्यावर कागद ताणलेला, बाजूला ब्रश आणि शाई. मला नातेवाईक म्हणून भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. मुजावर मॅडमनी नियमाप्रमाणे आधी विचारलं, “काका, रानश्रीतली सगळी अक्षरं तुमच्या हातची, असा तुमचा दावा हाय. परीक्षेआधी बदलायचा असला तर बदलता येतो.”

आप्पांनी खिशावरून हात फिरवला, कात्रण होतं तिथे.

“मग परीक्षेच्या आधी हेळव्यानं काय वाचलंय ते तुम्हाला दाखवायला लागतं,” मॅडम म्हणाल्या आणि पडदा लावला.

हे मी घरी सांगितलं नव्हतं, कारण आमच्या रोजच्या कामात त्याचं काही वाटत नाही. हेळवी आकारावरून हाताचा वेग काढतो, म्हणजे हात पुन्हा चालवूनही दाखवतो. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका येतो आणि मूळ हात जसा गेला असेल तसा, त्याच वेगानं, जिथे थांबला तिथे थांबत, अक्षर काढत जातो.

आधी श्री आली. ठिपका थरथरत, अडखळत, वेलांटीवर तर जवळजवळ उभा राहत वर गेला. आप्पांनी मान खाली घातली.

मग रान. ठिपका खाली उतरला, ‘र’च्या पोटात वळला, पाय मारला, काना ओढला, ‘न’च्या गाठीशी येऊन न थांबता पलीकडे निघून गेला. मग उजव्या टोकाला टेकला आणि एका दमात शिरोरेघ डावीकडे ओढत नेली.

“पुन्हा लावा,” आप्पा म्हणाले.

पुन्हा लावलं. ते खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. तिसऱ्यांदा लावायला लावलं. आता ते पेंटरच्या नजरेनं बघत होते, ओठ हलत होते.

“गाठीला हात उचलत न्हाई,” ते पुटपुटले. “मी उचलायचो. माझा मास्तर पण उचलायचा. आन् वळणाच्या आधीच ब्रश फिरवून घेती, बघितलासा? म्हणून पोट असं भरून येतंय.” ते मॅडमना सांगत होते, हेळव्याला सांगत होते, कुणाला ते त्यांनाही कळत नसावं. “शिरोरेघ उलटी ओढती. उलटी! मला म्हाईतच न्हाई.”

आई खुर्चीत ताठ बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

आप्पा वळले. खिशातलं कात्रण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, मग फळ्यापाशी जाऊन ब्रश घेतला. पूर्ण सहा मिनिटं लागली त्यांना. मनगट दुसऱ्या हातानं धरलं, तरी सेकंदाला सहा वेळा ब्रश थरथरत होता. कागदावर एक श्री उभी राहिली, पडद्यावरच्यासारखीच.

“एवढी माझी,” ते म्हणाले. “लिवून घ्या. रान माझं न्हाई. माझ्या बायकोचं हाय. शालन विलास लोहार.”

लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. आप्पांच्या तोंडून आईचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. ‘अगं’ आणि ‘ऐकलं का’ यावरच आजवर भागलं होतं.

“इतकी वर्सं मी लोकास्नी खोटं सांगितलं,” ते मॅडमना म्हणाले, पण बघत होते आईकडे. “पेपरात पण. चुकलो मी.” मग त्यांनी तिच्यापुढे ब्रश धरला. हात थरथरत होता म्हणून ब्रशही थरथरत होता. “शालन, बस बाई फळ्यापुढं.”

आई उठली. मला वाटलं होतं ती आढेवेढे घेईल. घेतले नाहीत. पदर खोचला, मॅडमनी नवा कागद ताणून दिला, आणि तिनं ब्रश डाव्या हातात घेतला. इतक्या माणसांत, दिवसाढवळ्या, पहिल्यांदा. कागदाकडे जरा मागं सरून बघितलं, वर चार बोटं जागा मोजून सोडली, आणि ब्रश परत आप्पांपुढे केला.

“वरची श्री काढा तेवढी,” ती म्हणाली. “मग मी सुरू करतो.”

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “ती पण तूच काढ.”

आई थबकली. “डाव्या हातानं?”

“त्याच हातानं.”

“अवो, देवाचं नाव हाय ते.”

“त्याच हातानं मला भरवलंस दोन वर्सं, तुझा उजवा कामात असला की. पोरीचं केलंस, माझं केलंस. देवाला चालतंय त्ये.” ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. “काढ. मी बघतोय हितं.”

मुजावर मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी रडत होते आणि ते लपवण्याच्या भानगडीत पडले नाही.

आईनं डोळे मिटून हात जोडले, ब्रश बोटांत तसाच. मग शाईत बुडवला, काठावर निपटला आणि वर टेकवला. ‘श’चं वळण एका दमात आलं. ‘र’ची तिरपी रेघ आली, मग काना. शिरोरेघ तिनं उजवीकडून ओढली. शेवटी वेलांटी घेतली, आणि इतकी वर्षं कोंडलेला हात जरा मोकळाच सुटला. वेलांटी वर गेली, वळली, खाली उतरली आणि कागदाची कड गाठून थांबली.

मशीननं बारीकसा आवाज केला. ‘रान’च्या हाताशी हात जुळला होता. पडद्याकडे कुणीच बघितलं नाही.

आई दोन पावलं मागं सरली, मान तिरकी करून बघत राहिली. मग नाराजीनं म्हणाली, “वेलांटी जरा मोठी झाली.”

“असू दे,” आप्पा म्हणाले. “पयलीच हाय.”